वीस मिनिटं हिरवा

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, दुसरा मजला.
खाली पिठाची गिरणी, म्हणून आमचा अंधारही
जरासा थरथरतो.

माझं काम एवढंच:
पडदा ओढायचा, दिव्यापुढची काच बदलायची,
घड्याळ लावायचं
आणि बोलायचं नाही.

शाळेतली पोरं येतात, ओळी गाळत वाचणारी,
एका डोळ्यावर पट्टी,
लाल वर्तुळाकडे बघत जांभया देतात.
आया बाहेरच्या बाकावर.
गुण येतो का हो, विचारतात मला.
मी फी सांगते.

मग आले हसुराम मढवी, घणसोली गावातले.
रबाळ्याच्या रंगकारखान्यात एकतीस वर्षं
छटा जुळवायला.
डाव्या डोळ्यात मधोमध एक डाग,
शाई सांडावी तसा.
मोठ्या इस्पितळानं हात टेकलेले.
मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं, हिरवा.

काच लावली. दोन मिनिटं शांत.
मग अंधारातून:
"यो हिरवा नाय गो पोरी.
यान निला हाय. शंबरान सात."

बोलायचं नसतं काका.

"खारी मी रोज येगल्या रंगाची बगलीय.
सोमवारी मेंदी, शुक्रवारी जांभूल.
त्यान अर्धा रंग माजे हातचा."
एवढं बोलून गप्प झाले.
घड्याळ वाजलं तरी
स्टुलावरून उठले नाहीत.

अकरा वेळा आले.
तक्त्यावरची तिसरी ओळ तिसरीच राहिली,
मी वहीत तसंच लिहिलं.
बाराव्या वेळेचे पैसे भरलेले होते,
ते आले नाहीत.
फोन सुनेनं उचलला, म्हणाली,
आता नको म्हणतात.

तेव्हापासून महापे नाक्यावर
सिग्नल सुटतो आणि मी उभीच.
मागून रिक्षावाले शिव्या घालतात.
शंभरात सात. असतीलही.
जास्तच असतील.

काल दुपारी कुणी नव्हतं.
त्यांच्या उरलेल्या वीस मिनिटांना
मी बसले त्या स्टुलावर.
सात शोधत राहिले, डोळे झोंबेपर्यंत.
गिरणी बंद पडली, दिवाही गेला,
पडदा सारला
तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर
एक गोल उठला, गुलाबी म्हणावा तर तसा नाही,
आमच्या डब्यातल्या कुठल्याच काचेचा नाही.

पापणी मिटली तरी होता.
काका असते तर
त्यात काय किती, ते सांगितलं असतं.