पांढरी बशी

कुक्सहाफेनला नोव्हेंबरात धुकं दाराशी येऊन बसतं.
हिन्नर्कने एकतीस वर्षं त्यातून जहाजं काढली,
एल्बेच्या मुखातून आत, हॅम्बुर्गच्या वाटेला,
डोळ्यांत तेल घालून,
दर वेळी कुणा परक्या कप्तानाच्या शेजारी उभा राहून.
निवृत्त झाला आणि घरात समुद्र आणला.
सहाशे लिटर. तळघरात नाही, बैठकीत,
जिथे माझा पियानो होता.

प्रवाळ, दोन गोबी, एक चिडका टँग,
आणि मिठाच्या बादल्या फोल्कर्टच्या खोलीत.
त्या खोलीला आता कुणी फोल्कर्टची म्हणत नाही.
मीच म्हणते, अधूनमधून, चुकून.

परवा त्याने आमच्या लग्नातली पांढरी बशी मागितली.
टाकीच्या मागच्या काचेला टेकवून धरली,
अर्धी पाण्याच्या वर, अर्धी पाण्याआड.
"गेशे, इकडून बघ. कशी दिसते?"
"बशीसारखी."
"नीट बघ गं."
मग दिसलं.
वरची अर्धी बशी पांढरी.
खालची, एकदा गाळून झालेल्या पत्तीला
पुन्हा पाणी घालून उकळावं, तशी.
रोज दोन वेळा या पाण्याकडे बघत जेवलो आम्ही.
कधी पिवळं झालं, कळलंच नाही.

मग पार्सल आलं. एक पेटी, एका ओळीत नळ्या,
हवा सुकवणारे मणी, निळे, ओलावा लागला की गुलाबी होणारे.
पहिल्या रात्री बंधाऱ्यावर वीज पडून गेल्यावर येतो
तो वास आला बैठकीत.
त्याने धावत जाऊन खिडकी उघडली, पेटी बंद केली,
बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी कोळसा भरला.
"फेस काढणाऱ्या नळकांड्यात काय व्हायचं ते होऊ दे," म्हणाला,
"खोलीत काही येता कामा नये."
आमच्या घरात सगळंच असं चालतं.

मी विचारलं, हा ओझोन करतो तरी काय?
वीजबिलाच्या पाठीवर त्याने तीन गोळे काढले.
"हे दोघे एकमेकांना धरून राहतात.
तिसऱ्याला करमत नाही.
सुटतो, जे पहिलं हाती लागेल त्याला भिडतो.
पिवळेपणा जातो तो त्याने."
"आणि तो? तिसरा?"
पेन्सिल तिसऱ्या गोळ्यावर थांबली.
"आकडा तीनशे चाळीसवर यायला हवा," तो म्हणाला,
आणि मीटर बघायला गेला.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी नव्हतं.
म्हणजे होतं, पण दिसेना.
टँग हवेत लोंबकळत होता.
काचेवरचा ओरखडा दिसला, मी फडक्याने पाडलेला, कबूल न केलेला.
आणि टाकीच्या पलीकडे, आरामखुर्चीत, हिन्नर्क.
हनुवटीवर एक डाग होता, मला नवा.
तोही माझ्याकडे बघत होता.
टाकी मधे असली की आम्ही एकमेकांकडे बघत असू,
इतकी वर्षं, पण अशी नजर कधी भेटली नव्हती.

"फोल्कर्टला तूच जा म्हणालास ना?" मी विचारलं.
पाण्याआडून विचारायला सोपं गेलं.
तो काही बोलला नाही.
उठला, टाकीवर वाकला, एकदम ओरडला.
जांभळं प्रवाळ टोकांशी फिकट पडलं होतं,
उकडलेल्या अंड्याच्या रंगाचं.
पाणी निवळलं, तसा वरचा दिवा थेट तळापर्यंत पोचला,
त्या बिचाऱ्यांना इतका उजेड सवयीचा नव्हता.

मी स्वयंपाकघरातला जाळीचा पडदा उतरवला,
त्याने चार घड्या घालून दिव्याखाली बांधला.
दर आठवड्याला एक घडी काढायची, असं ठरलं.
मग पडद्याचं टोक हातात धरून,
माझ्याकडे न बघता,
"हो," म्हणाला.

आज तीन घड्या उरल्यात.
बशी धुऊन मी कपाटात ठेवली नाही.
फोनशेजारी आहे.