दोन बोटं माया

नबी इम्रानच्या कबरीचं माप घ्यायला
सलालाच्या दुकानातून मला धाडलं, तेव्हा खिशात
एकशेपन्नास सेंटिमीटरची टेप होती,
एका टोकाला इस्त्रीनं करपलेली.
अरबाब म्हणाला, हिरवं साटीन, सोनेरी काठ.
माप नीट आण.
गेल्या खेपेला पायाशी उघडं राहिलं होतं.

पायाशी. म्हणजे पाय कुठं संपतात
हे कुणाला तरी ठाऊक आहे.

मी डोक्याकडून धरली.
टेप टाकायची, फरशीवर खडूची रेघ, पुढं सरकायचं.
पाचवीला छाती आली असावी.
अकरावीला कंबर, आणि सवयीनं
विचारणारच होतो, सैल ठेवू का?

बाहेर खरीफचं धुकं, नारळांना शेंडे नव्हते.
राखणदार मुसल्लम खुर्चीत बसून लोबान फुंकत होता.
म्हणाला, कुणी म्हणतं तेव्हा माणसंच उंच होती.
कुणी म्हणतं एकामागं एक निजलेत बरेचजण.
एक मास्तर म्हणून गेला, हा जुना पाण्याचा पाट आहे.
तुला काय वाटतं?
मला काय वाटणार. बावीस टेपा.

तुमच्याकडं असतात का नबी?
अर्धं हिंदी, अर्धं अरबी, हातवारे वेगळे.
म्हटलं, आमच्याकडं होईक असते.

आमचा आप्पा एरवी लोकर कातरायचा.
त्याला एस्टीची पाटी वाचता यायची नाही.
पण बिरोबाच्या जत्रेत हेडाम खेळून
भंडाऱ्यानं पिवळाजर्द झाला, घोंगड्यावर उभा राहिला
की ढोल गप्प.
दिवा हसंल, वात रडंल.
मेंढका राजा, राजा मेंढका.
पाण्यापल्याडचा दसऱ्याआत घरला येईल.
अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

शेवटची ओळ शेवंताकाकूनं पदराला बांधली.
तिचा धुळाप्पा मस्कतला रंगारी,
चार वर्षं सुट्टी नव्हती.
तिनं भिंती पोतारल्या, एक कोंबडा राखून ठेवला.

आला. दसऱ्याच्या आतच.
पेटीवर अरबी शिक्का
आणि ही बाजू वर, असं सांगणारा बाण.

होईक खरी झाली होती.
आप्पाला कुणी बोल लावला नाही,
उलट पाया पडले.
तेच त्याला सोसलं नाही.
पुढल्या जत्रेत ढोल थांबले, त्यानं तोंड उघडलं,
माणसांनी मान पुढं काढली,
त्यानं तोंड मिटलं.
घोंगड्यावर आता दुसराच कुणी उभा राहतो.

मी निघालो तेव्हा विचारलं होतं,
आप्पा, मी येईन ना माघारी?
त्यानं अंगठ्यानं कपाळाला भंडारा लावला,
लावतच राहिला जरा वेळ.
मग म्हणाला, टेप घेतलीस का?

शुक्रवारी फोन लावतो.
जेवलास? झोपलास? पगार झाला?
झालेलं तेवढं विचारतो.
पुढचं, होणारं, त्याच्या तोंडून येत नाही.

मुसल्लमनं निखाऱ्यावरची राख झटकली.
म्हणाला, आमच्यातल्यांनीही आधी नकोच म्हटलं होतं.
युनूस तर पळून गेला, बोटीत बसून.

रात्री कापड कापायला घेतलं.
टेबल पुरेना, दुकानभर हिरवं,
आम्ही तिघं शिंपी त्यात गुडघ्यापर्यंत.
शिवणीला दोन बोटं माया सोडतात.
मी चार सोडली.

अरबाबनं पाहिलं, कपाळावर हात मारला.
अरे, मेलेला माणूस वाढतो का?

म्हटलं, माणूस नाही, अरबाब.
कापड आटतं.