दोराचं दुसरं टोक

मी ओढणारा. बुडी घेणारा मरझूक.
तीन उन्हाळे त्याचा दोर माझ्या तळहातात
इतका रुळला, की रात्री झोपेतही
मी मूठ आवळून धरायचो,
कोणी खाली राहून जाऊ नये म्हणून.

बहरैन. नावातच दोन समुद्र.
एक खारा, सगळ्यांना दिसणारा.
दुसरा त्याच्या पोटात, चार परस खोल,
वाळूतून बुडबुडत वर येणारा गोडा झरा.
मोत्यांच्या गलबतावर पिण्याचं पाणी तिथूनच यायचं:
रिकामी पखाल काखेत मारून उतरायचं,
झऱ्याच्या तोंडाला तिचं तोंड लावायचं,
भरली की आवळून वर.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला.
नाखवा घानिम म्हणाला, दर्यावर आहात, प्रवासी आहात,
सूट आहे. रोजे मागाहून फेडा.
माना डोलल्या. माझीही डोलली असती,
पण मरझूक म्हणाला, मी धरणार,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
मीही.

विसाव्या दिवशी पाण्याची पाळी त्याची.
नाकाला शिंगाचा चिमटा, पायाला दगड,
ओठ असे फुटलेले की हसला तर रक्त यायचं.
दोर सरसरत गेला. थांबला.

पखाल भरायला किती वेळ लागतो
हे माझ्या हातांना पाठ होतं.
तेवढा वेळ झाला.
मग आणखी थोडा झाला.

खाली कोण बघणार होतं?
वर आम्ही तेरा जण, आणि मध्ये
हिरवं, जाड, मुकं पाणी.
झरा थेट गालावर आपटत असेल.
ओठ जरासे सैल सोडायचे, बस्स.
मुद्दाम प्यायलो असंही म्हणायला नको,
बुडी मारणाऱ्याच्या तोंडात पाणी जायचंच.

हा सगळा विचार मी करत होतो.
तो काय करत होता, मला ठाऊक नाही.
दोरातून तहान कळत नाही.
कळली ती एक थरथर, बारीक,
गळाशी आलेला मासा मागे फिरतो तशी.
मग दोन हिसके. मी ओढलं.

वर आला तेव्हा डोळे लाल, दाढी निथळत,
ओठांवर थेंब.
कोणीतरी म्हणालं, कुठंतरी पाणी मुरतंय!
सगळे हसले.
तो उलट्या मनगटानं ओठ पुसत राहिला
आणि स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही.
बोलून तरी काय?
प्यायलेल्याला एखादा साक्षीदार मिळतो,
न प्यायलेल्यानं तो कुठून आणायचा?

पखाल मी आत घेतली.
तोंड नीट आवळलं गेलं नव्हतं.
बोटांवरून गार पाणी ओघळलं,
आणि शिडाच्या सावलीत, सगळ्यांकडे पाठ करून,
मी बोटं चाटली.
मग पखालीला तोंडच लावलं.

मला कोणी हसलं नाही.
मला कोणी पाहिलंच नाही,
असं मी तेव्हा धरून चाललो.

दिवस बुडाला. खजूर वाटले.
मरझूकनं वाटी दोन्ही हातांनी धरली,
एका हाताला पेलवेना.
पहिला घोट उतरला तेव्हा त्याच्या घशात
आटलेल्या विहिरीच्या तळाला
पोहरा आपटल्यासारखा आवाज झाला.
गलबतावर सगळे गप्प झाले.

मीही वाटी उचलली.
माझा घोट आवाज न करता उतरला.

पुष्कळ वर्षांनी, मोत्यांचा धंदा बसल्यावर,
त्याच्या ओट्यावर बसून विचारलं:
खाली इतका वेळ काय करत होतास रे?

पखाल कधीच भरली होती, तो म्हणाला.
झऱ्याला ओठ टेकवले होते मी.

मग?

मग दोर आठवला.

माझा?

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
रागानं नाही.

तुझाही, म्हणाला.