सहा-तीन

स्कोअरबुकात शॉर्टस्टॉपला नाव नसतं,
आकडा असतो : सहा.
चेंडू उचलून त्यानं पहिल्या बेसला फेकला, फलंदाज बाद,
की व्हर्ना क्लॉपेनबर्ग शिसपेन्सिलीनं लिहायची
सहा-तीन.
बावीस उन्हाळे, मिसिसिपीच्या काठावरच्या त्या लहान मैदानात,
जिथं जुलैमध्ये नदीतून उठलेले किडे
दिवे झाकोळून टाकायचे.

एलादियो पिमेंतेल बानीहून आला तेव्हा एकोणीसचा.
बॅट धरायचा
उसन्या छत्रीसारखी.
चेंडू वळायच्या आत याचे गुडघे वळलेले.
सरासरी हजारात दोनशे एकवीस.
मॅनेजर म्हणायचा, पोरगं सोनं आहे,
पण सोन्याला मी नवव्या नंबरावर पाठवतो.

आणि तिसऱ्या बेसच्या खिंडीत गवत कापत निघालेला चेंडू?
ठोका कानावर येण्याआधी
त्याचा उजवा पाय निघालेला असायचा.
अवघड ते इतकं सोपं करायचा
की टाळीसुद्धा पडायची नाही.

झालेल्या गोष्टीला रकाना असतो.
धावा, हिट, चुका.
चुकांनाही!
न झालेली हिट कुणाच्या खिजगणतीत?
व्हर्ना समासात एक ठिपका द्यायची.
कुणी विचारलंच तर :
पेन्सिल टेकली, बाकी काही नाही.

तिसऱ्या हंगामानंतर त्याला सोडलं.
जागेवर आलेल्यानं वीस होमरन मारले,
आणि आमचे पिचर
लवकर म्हातारे दिसू लागले.

पुष्कळ वर्षांनी ऑफिसातला एक पोरगा
लॅपटॉप घेऊन आला. ठिपके मोजले : ऐंशी.
ठिपक्याला पाऊण धाव, झाल्या साठ.
बॅटनं घालवलेल्या चाळीस वजा.
उरल्या वीस. म्हणजे दोन विजय, तो म्हणाला,
तीन वर्षांत,
आणि हे त्यानं जरा हळूच सांगितलं.

व्हर्नानं बानीला फोन लावला.
एलादियोचं आता रंगाचं दुकान आहे,
मागं डबा हलवायच्या यंत्राची घरघर.
ऐंशी? त्याला एकही आठवेना.
तो म्हणाला, पण ऑगस्टमध्ये, आठव्या डावात,
तो चेंडू दगडाला लागून उडाला होता, बाई.
तुम्ही मला चूक दिलीत.

रात्री तिनं वही काढली.
चौकोन सापडला. खोडरबरही होता.
दगड तिला कुठंच आठवेना.
तिनं बराच वेळ पाहिलं.
चूकच होती.