सत्तावीस, शून्य आठ

नक्षी अजून शाबूत आहे म्हणून मी भांडत होते.
रुपयाचं नाणं खाचेत उभं करून दाखवलं,
चांगलं आत गेलं.
"बघा ना, धावलीच कुठे गाडी?
चार हजार किलोमीटरसुद्धा नाही."

शब्बीरभाईंनी नाण्याकडे पाहिलं नाही.
एस ब्रिजच्या उताराला लागून त्यांचं दुकान,
तिथे फुटपाथवरच गुडघा टेकून
त्यांनी टायरच्या कुशीत नख दाबलं.
नख वाकलं.
मग मला स्टिअरिंग पुरतं वळवायला लावलं
आणि आतल्या अंगाच्या भेगा दिसल्या,
बारीक, एकमेकींत शिरलेल्या,
धुण्याच्या पाण्यात जन्म गेलेल्या टाचांसारख्या.
"उभ्या उभ्या झालंय हे, बाई."

मला कळत नव्हतं असं नाही.
एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत बसले,
तारीख उलटलेल्या बाटल्या
सीलसकट टोपलीत टाकल्या,
एका गोळीचंही वाईट वाटू दिलं नाही.

पण ही भालूची गाडी.
अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट,
माटुंग्याला पर्जन्यवृक्षाखाली उभी,
टपावर चिकट शेंगा.
डोळे गेल्यापासून तो तिला चालवत नाही, पुसतो.
पुसताना तिच्याशी बोलतो, माझ्याशी कमी.
दर रविवारी वॉचमन रामसुरत
तिला एक वीत पुढे ढकलतो,
पुढच्या रविवारी एक वीत मागे,
टायर एका जागी बसून चपटे होऊ नयेत म्हणून.
वर्षाकाठी मीच तिला पीयूसीला नेते आणते.
सोळा वर्षांचा हिशेब केला
तर ती बहुतेक जागच्या जागीच निघेल.

"साल काय लिहिलंय?" भालूने विचारलं.
मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले.
चष्मा डोक्यावर होता.
तेवढ्यात तो स्वतःच खाली वाकला,
अंगठा टायरच्या कडेवरून सरकवत नेला,
कंपनीचं नाव ओलांडलं, माप ओलांडलं,
आणि त्या लांबट चौकटीपाशी थांबला.
दोन. सात. शून्य. आठ.

"जुलैचा पहिला आठवडा," तो म्हणाला.
"मुरुडला जाणार होतो आपण."
त्याच पावसाळ्यात त्याला
दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती,
आणि तो म्हणायचा, काच धुवायला हवी.

डिकी उघडली. स्टेपनी कोरी.
साच्यातून निघतानाचे रबरी केस
अजून तिच्या अंगावर.
"ही तरी राहू दे," मी म्हटलं.
"ही तर आधी काढायची," शब्बीरभाई म्हणाले,
"नवी दिसते ना, माणूस फसतो."

पाचही निघाले.
भालूने एकच अट घातली: माझ्यादेखत कापा.
नाहीतर खाचा कोरून, काळं पॉलिश मारून
उद्या कुणाच्या तरी टॅक्सीखाली लागतील,
पनवेलच्या पुढे, भर वेगात.
शब्बीरभाई काही क्षण गप्प राहिले,
मग पोऱ्याला कटर आणायला सांगितलं.
जळक्या रबराचा वास सुटला.
भालू पाचव्यापर्यंत उभा होता,
बोटांवर मोजत.
मी पैसे मोजत होते, मग पुन्हा पहिल्यापासून.

परतताना राणीबागेपाशी
काँक्रीटचा रस्ता लागला.
त्याने काच खाली केली, कान बाहेर धरला.
नव्या रबराचा आवाज मला तरी
जुन्यासारखाच वाटत होता.

"पुढच्या डाव्यात हवा दोन पौंड जास्त आहे,"
तो म्हणाला.
थोड्या वेळाने म्हणाला,
"आणि चौथा टाक आता.
किती वेळ तिसऱ्यातच रडवतेस तिला."