दहा ठिकाणी

संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळं घर गुडघ्यांवर बसलं
तेव्हा मागून सुनेला दिसला, उंगातेआला,
तुमच्या टाचेत रुतलेला गळ.
कुपा धरायचा, मोठा,
गाठीला बोटभर दोरी अजून लोंबत होती.
होडी तुम्ही धुतलीत शनिवारी.
आज मंगळवार.
म्हणजे चर्चला, बाजाराला, धक्क्यावर पत्ते कुटायला
तुम्ही गळासकट जाऊन आलात, कालाफी,
आणि माशाला काही कळलं नाही.

गळ मी काढला. जखम धुतली.
आता हा दोरा.
"हा तर आमच्यातलाच," तुम्ही हसलात,
"नायलॉन. याला फार तर बोईट लागेल."
डोळे मिटा. दोरा वाकेपर्यंत टेकवीन,
दहा ठिकाणी.
कळलं की म्हणा, ईओ.

अंगठा.
खिडकीबाहेर कोणीतरी तुतीच्या सालीवर मोगरी आपटतंय,
टक टक, टक टक, कापड होईस्तोवर.
करंगळी.
चवडा.
"ईओ."
दोरा तेव्हा हवेत होता, माझ्या हातात.
"ईओ," पुन्हा, मोगरीच्या ठेक्यावर,
स्तोत्राचे शब्द विसरलेला माणूस
नुसते ओठ हलवतो तसं.
मी कागदावर काही लिहिलं नाही.
तुमच्या पायाकडे बघत राहिले:
रुंद, वावाऊच्या प्रवाळावर घासून घासून घट्ट झालेला,
नखांच्या कडेला वाळू.

डोळे उघडा. सांगते.
अन्न प्रत्येकाच्याच अंगात साखर होऊन फिरतं,
अरवीचा कंद, रताळं, दुकानातला पाव,
आणि पेशीच्या दाराशी येऊन थांबतं.
दार ठोठावणारा एक असतो, इन्सुलिन नावाचा.
तुमच्या दारांनी त्याची हाक ऐकणं सोडलंय.
म्हणून आत उपास
आणि बाहेर, रक्तात, भरती.
वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही.
बारीक नळ्यांची अस्तरं तेवढी झिजत जातात:
डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडाच्या गाळणीत,
आणि नसांना दाणापाणी पोचवणाऱ्या
केसाहून बारीक वाटांत.

नस म्हणजे दोरीच.
कमरेतून सोडलेली, थेट अंगठ्यापर्यंत,
अंगातली सगळ्यांत लांब,
म्हणून तिचं टोक आधी जातं.
तुम्ही होडीत बसून बोटावर दोरी धरता,
साठ हात खाली काय आलं ते बोटाला कळतं,
कुपा, की खडक, की नुसताच प्रवाह.
इथे खाली काहीही येऊन चावो,
दोरी गप्प.

तुम्हीही गप्प.
मग विचारलंत, "मोसेसेचा पाय असाच गेला?"
तुमचा भाऊ. ऑकलंडला, गुडघ्याखाली.
खोटं कशाला बोलू. हो.
चपलेच्या पट्ट्याचा फोड होता, एवढासा.

तुम्ही तळहात पुढे केलात. डोळे घट्ट मिटलेत.
"इथे लाव."
लावला.
"ईओ."
दोरा किंचित सरकवला.
"ईओ. ईओ. बोईट आहे गं,
पिल्लू आहे, सोडून दे."
आणि मला हसू आलं, कामाच्या वेळी, मंगळवारी,
बाहेर अकरा माणसं ताटकळलेली असताना.

गोळ्या दिल्यात. घ्याल चार दिवस
आणि मग बरं वाटतंय म्हणून सोडाल, ठाऊक आहे मला.
तेव्हा नातीला सांगितलंय:
रोज रात्री टॉर्च घेऊन आजोबांचे तळवे बघायचे,
बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.
आणि प्रार्थनेला बसाल तेव्हा
मागे एकानं डोळे उघडे ठेवायचे.
देव रागावणार नाही.

जाताना तुम्ही गळ परत मागितलात.
पोलादी आहे, म्हणालात, शनिवारी लागेल.
कागदात गुंडाळून दिला.