उजवा कान

वकील म्हणाले, मॅडम, तुम्ही फक्त आकडा काढा,
बाकीचं आम्ही बघतो.

फाईल पातळ.
सिव्हिलचा दाखला, बावीस पानांची याचिका,
टॉवेल कारखान्याची पगारवही,
तिच्यावर तेलाची बोटं.
राजेशम यलदी, वय चौतीस, राहणार विडी घरकुल.
एक रात्र चौकीत.
मोटारसायकलचा चोर सकाळी अक्कलकोटात सापडला.
तोवर उजव्या कानाचा पडदा फाटला होता.

दाखल्यावर लिहिलंय, अपंगत्व अठरा टक्के.

आठवड्याला एकतीसशे, गुणिले बावन्न,
पुढच्या वाढीचे चाळीस टक्के,
वयाचा गुणक सोळा,
त्याचे अठरा टक्के.
सहा लाख एकोणपन्नास हजार
नऊशे अठ्ठावन्न रुपये चाळीस पैसे.
चाळीस पैशांपाशी मी पेन ठेवलं
आणि चहा मागवला.

सरकारी उत्तरात एक वाक्य होतं:
यंत्रमाग कामगार तसेही बहिरे होतात,
तरी कोणता बहिरेपणा कोणाचा
तो अर्जदाराने वेगळा करून दाखवावा.

माझे वडील मिलमध्ये सांच्यावर होते.
आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून.
शेजाऱ्यांना वाटायचं, रोजच भांडतात.
मिल बंद झाली, भोंगा थांबला,
आवाज आमच्या गळ्यात राहिला.
त्यांच्या कानांचा हिशेब कुणी मांडला नाही.
मीही नाही,
आणि माझ्याकडे तर पदवी होती.

म्हणून शेडमध्ये गेले.
आत शिरलं की आवाज आधी छातीला लागतो.
राजेशम चार माग चालवायचा. आता दोन.
का, विचारलं.
एमन्नारु? म्हणाला, आणि डावा कान पुढे केला.
परत विचारलं.
मग म्हणाला, तार तुटली की मागाचा सूर बदलतो.
पाठ असली तरी कळायचं, कुठला माग, कुठली बाजू.
आता उजवीकडे भिंत आहे.
वळून बघेपर्यंत वीतभर टॉवेल वाया,
तो पगारातून कापतात.

वही पुन्हा उघडली.
त्या रात्रीनंतरच्या प्रत्येक आठवड्यात
मालकाच्या वेड्यावाकड्या तेलुगू अक्षरात
चारच्या जागी दोन, एकतीसशेच्या जागी साडेपंधराशे,
कधी त्याहून कमी.

आणि कानतपासणीचा कागद:
डाव्या कानाची रेघ हळूहळू उतरते,
जशी वडिलांचीही उतरली असेल.
उजव्याची निम्म्या वाटेपर्यंत तिच्या सोबत येते
आणि विहिरीत पडते.
उतार मागाचा. विहीर चौकीची.
इतकं वेगळं करता येतं, मी लिहिलं,
आणि अठरा खोडून पन्नास केले.
अठरा लाख पाच हजार चारशे चाळीस.
या वेळी पैसे उरले नाहीत.

उलटतपासणीत विचारलं, तुम्ही कानाच्या डॉक्टर आहात का?
नाही.
मग?
मी चार आणि दोन यांतला फरक सांगते आहे, म्हणाले.
बरं वाटलं तसं म्हणताना. नंतर नाही वाटलं.

तडजोडीचा मसुदा आला तो नऊ लाखांचा.
पैसे तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या;
ज्याचा हात उठला
त्याच्या पगारातून टॉवेलाइतकाही तुकडा नाही.
नागमणीनं सुपातल्या विड्या बाजूला सारल्या,
तंबाखूची बोटं लुगड्याला पुसून कागद घेतला.
मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवला,
बापाच्या डाव्या बाजूला बसून.
'सदर घटना.' 'सानुग्रह.' 'कोणताही दोष मान्य न करता.'

एमन्नारु?
मुलगी परत वाचू लागली.
तो थांबवून म्हणाला, ऐकू आलं गं.
मारलं, असं कुठं लिहिलंय ते विचारतोय.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला,
घरातल्यासारखा, मोठ्यानं.